बिगफूट शोधगटाच्या बैठका आणि वनफेऱ्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्याच्या दक्षिण भागात, गिफर्ड पिंशो राष्ट्रीय वनाच्या आसपास राहणाऱ्या स्वयंसेवकांचा आमचा गट आहे. सिअ‍ॅटल आणि पोर्टलंड या दोन्ही शहरांत मराठी मंडळी पुष्कळ आहेत, आणि गटात मराठी बोलणारी मी एकटीच असल्याने त्यांचे प्रश्न माझ्याकडे येतात. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न येथे उत्तरांसह एकत्र केले आहेत.

१. बिगफूट आणि सास्क्वाच हे दोन वेगळे प्राणी आहेत का?

नाही, ही एकाच कल्पित किंवा अज्ञात प्राण्याची दोन नावे आहेत. अंगभर केस असलेला, दोन पायांवर चालणारा, माणसापेक्षा बराच मोठा असे त्याचे वर्णन केले जाते. ‘सास्क्वाच’ हा शब्द कॅनडातील ब्रिटिश कोलंबियाच्या मूळनिवासी लोकांच्या हाल्कोमेलेम भाषेतून आला असून, तेथील शाळेत शिकवणारे जे. डब्ल्यू. बर्न्स यांनी १९२०च्या दशकात आपल्या लेखनातून तो इंग्रजीत रुळवला. ‘बिगफूट’ हे नाव मात्र १९५८ सालचे आहे. त्या वर्षी उत्तर कॅलिफोर्नियातील ब्लफ क्रीक येथे रस्त्याचे काम चालू असताना जेरी क्रू या बुलडोझरचालकाला सुमारे १६ इंच लांबीचे ठसे दिसले, त्याने त्यांचा प्लास्टरचा साचा केला आणि ‘हम्बोल्ट टाइम्स’ने तो साचा हातात धरलेल्या क्रूचे छायाचित्र छापले. पुढे २००२ मध्ये त्या कामाचे कंत्राटदार रे वॉलेस यांचे निधन झाल्यावर, त्यांच्या कुटुंबीयांनी लाकडात कोरलेली मोठी पावले पुढे आणली आणि ते ठसे त्यांनीच उमटवले होते असे सांगितले. आमच्या विषयाचे नावच अशा वादग्रस्त ठशांवरून पडले आहे, ही गोष्ट आम्ही नव्या सभासदांना पहिल्याच बैठकीत सांगतो.

२. तुमच्या गटातल्या सगळ्यांचा बिगफूटवर विश्वास आहे का? माझा नाही, मग मी आलो तर चालेल का?

अवश्य या. गटात स्वतः काहीतरी पाहिल्याचे सांगणारे लोक आहेत, माझ्यासारखे अजून काहीही न पाहिलेले आहेत आणि असा प्राणी नाही असे ठामपणे मानणारे एक निवृत्त वनरक्षकही आहेत, ज्यांचे मत ठसे तपासताना आम्हाला सर्वांत मोलाचे वाटते. सभासदाकडून एवढीच अपेक्षा असते की त्याने पाहिले ते लिहावे, पाहिले नाही ते लिहू नये, आणि ‘कळले नाही’ हे उत्तर पूर्ण उत्तर म्हणून स्वीकारावे.

३. बैठका कधी आणि कुठे होतात, आणि तिथे नेमके काय चालते?

महिन्यातून एकदा, शनिवारी दुपारी, गावातल्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या खोलीत बैठक होते. ती खोली विनामूल्य मिळते आणि त्या बदल्यात बैठक सर्वांना खुली असावी लागते, म्हणून पूर्वपरवानगीशिवाय कोणीही येऊन बसू शकते. प्रथम मागील बैठकीचे इतिवृत्त वाचले जाते, नंतर महिन्याभरात आलेल्या नोंदी एकेक करून चर्चेला घेतल्या जातात. नोंद वाचणारा आणि ती तपासणारा अशी दोन माणसे मुद्दाम वेगळी ठेवली आहेत, कारण ज्याने साक्षीदाराची मुलाखत घेतली त्याचा तिच्यावर नकळत जीव जडतो. शेवटी टेबलावर साचे मांडतो आणि ज्यांना हाताळायचे असतील त्यांना हाताळू देतो.

प्रथमच येणाऱ्यांना बैठक बरीचशी कागदोपत्री वाटते. एखाद्या नोंदीवर पाऊण तास जातो आणि निष्कर्ष ‘बहुधा एल्क’ (इथले मोठे हरीण) असा निघतो. मला स्वतःला बैठकीतला हा भाग फार आवडतो, कारण एका अनोळखी माणसाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट दहा-बारा जण इतक्या गांभीर्याने ऐकून घेतात, असे दृश्य इतरत्र क्वचितच पाहायला मिळते.

४. वर्गणी किती आहे? वनफेरीचे वेगळे पैसे द्यावे लागतात का?

वर्गणी नाही. खोकाभर प्लास्टर, बॅटऱ्या, कॅमेऱ्यांची कार्डे हा खर्च ज्याला जमेल तो स्वखुशीने करतो. वनफेरीसाठी पैसे घ्यायचे नाहीत हा आमचा पक्का नियम आहे, कारण राष्ट्रीय वनात लोकांकडून शुल्क घेऊन सहल नेली की तो व्यावसायिक वापर ठरतो आणि त्यासाठी वनखात्याचा वेगळा परवाना लागतो. पायवाटांच्या तोंडाशी असलेल्या अनेक वाहनतळांवर गाडीचा पास मात्र लागतो. दिवसाचा पास ५ डॉलरला आणि वर्षाचा ३० डॉलरला मिळतो. इंधन गाडीतले प्रवासी वाटून घेतात.

५. मला काहीतरी दिसले किंवा ऐकू आले. मी ते कसे कळवावे?

सर्वप्रथम, कोणाशीही बोलण्याआधी, घरी येताच कागदावर लिहून काढावे. तारीख, वेळ, ठिकाण, हवा, प्रकाश कुठल्या बाजूने होता, अंतर किती होते आणि किती सेकंद दिसले, एवढे तरी यावे. मित्रांना दोन-तीनदा सांगून झाले की तपशील नकळत घोटून गुळगुळीत होतात, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे. अंतराचा अंदाज मीटरमध्ये देता येत नसेल तर ‘आमच्या घरापासून कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबापर्यंत’ असे लिहिले तरी चालते. आम्ही नंतर मोजून घेतो.

आलेल्या नोंदींचे तीन वर्ग केले जातात. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या बिगफूट फील्ड रिसर्चर्स ऑर्गनायझेशनने रूढ केलेली ए, बी, सी ही विभागणी इतर अनेक स्वयंसेवी गटांप्रमाणे आम्हीही थोड्या फरकाने वापरतो. स्पष्ट प्रकाशात, दुसऱ्या प्राण्याचा घोटाळा होण्याची शक्यता कमी असताना दिसले तर पहिला वर्ग. नुसता आवाज ऐकला किंवा अंधारात, दुरून आकृती दिसली तर दुसरा. आणि ऐकीव माहिती असेल तर तिसरा. हा वर्ग नोंदीच्या परिस्थितीचा असतो, सांगणाऱ्याच्या खरेपणाचा नसतो. दुसरा वर्ग मिळाला म्हणून नाराज झालेल्या अनेकांना मला हे समजावून सांगावे लागले आहे.

६. मुलाखतीत काय विचारतात? माझे नाव बाहेर जाईल का?

नाव बाहेर जात नाही. बैठकीत नोंद वाचताना नाव, नोकरी आणि घराचा पत्ता वगळलेला असतो, आणि ठिकाणही जवळच्या ओढ्याच्या किंवा वनरस्त्याच्या नावापुरतेच सांगितले जाते. मुलाखत शक्यतो त्याच जागी, त्याच वेळेच्या उजेडात, दोन सभासद घेतात. आधी साक्षीदाराला मध्ये न तोडता सगळे सांगू द्यायचे आणि मगच प्रश्न विचारायचे, अशी पद्धत आहे. ‘त्याचे हात गुडघ्यापर्यंत होते का?’ असा प्रश्न विचारायला मनाई आहे. ‘हातांबद्दल काही आठवते का?’ असे विचारावे, कारण पहिल्या प्रश्नात उत्तर आधीच भरलेले असते. मुलाखतीचे ध्वनिमुद्रण करायचे असेल तर वॉशिंग्टन राज्याच्या कायद्यानुसार संभाषणातील प्रत्येकाची संमती लागते, म्हणून मुद्रणाच्या सुरुवातीलाच ती घेतली जाते.

मी घेतलेल्या पहिल्याच मुलाखतीत लाकडाचा ट्रक चालवणारे एक वयस्क गृहस्थ होते. बोलताना ते सारखी टोपी काढून तिची कड बोटांनी चाचपत होते. ही गोष्ट त्यांनी अकरा वर्षे पत्नीलासुद्धा सांगितली नव्हती. त्यांनी पाहिले ते काय होते हे आम्हाला आजही ठरवता आलेले नाही, आणि त्यांच्या नोंदीवर तसेच लिहिले आहे. आपली टिंगल होईल या भीतीने माणसे वर्षानुवर्षे गप्प राहतात, म्हणून बैठकीत कोणी साक्षीदाराची थट्टा केली तर अध्यक्ष त्याला तेथेच थांबवतात.

७. जंगलात मोठा ठसा सापडला तर काय करू?

त्यावर पाय पडणार नाही अशा बेताने थांबावे आणि आधी छायाचित्रे घ्यावीत. ठशाशेजारी मोजपट्टी, नसेल तर एखादे नाणे ठेवावे, कॅमेरा बरोबर वरून धरावा, आणि मग एक छायाचित्र विजेरी जमिनीलगत आडवी धरून घ्यावे, म्हणजे सावलीमुळे खोली दिसते. एका ठशापेक्षा ठशांची ओळ कितीतरी जास्त सांगते. त्यामुळे पुढचा-मागचा ठसा शोधून दोन पावलांतील अंतर मोजावे.

साचा घ्यायचा असेल तर ठशाभोवती पुठ्ठ्याची पट्टी कड्यासारखी रोवावी. प्लास्टर ऑफ पॅरिस साधारण दोन भाग आणि पाणी एक भाग घ्यावे. शक्य असेल तर दंतवैद्य कवळीच्या कामासाठी वापरतात ते डेंटल स्टोन घ्यावे, ते अधिक टणक होते. मिश्रण धिरड्याच्या पिठाइतके सैल हवे आणि ते थेट ठशात न ओतता कडेला चमच्यावर ओतून आत वाहू द्यावे. मी पहिल्यांदा साचा घेतला तेव्हा मिश्रण घट्ट झाले होते आणि ते वरून धपकन पडल्याने बोटांच्या कडा दबून गेल्या. तो ठसा पुन्हा मिळणार नव्हता, आणि त्याची हळहळ मला अजून वाटते. अर्धा-पाऊण तासाने साचा उचलावा, माती लागलेली तशीच राहू द्यावी आणि पूर्ण वाळेपर्यंत दोन दिवस तरी धुऊ नये.

साच्यावर बारीक रेषा दिसल्या तर त्या कातडीवरच्याच रेषा आहेत असे लगेच समजू नये. सुकी, भुसभुशीत माती प्लास्टरमधले पाणी झपाट्याने शोषते तेव्हाही तशाच समांतर रेषा उमटतात, हे प्रयोगांनी दाखवून दिले गेले आहे. महाराष्ट्रात ज्यांनी पूर्वी व्याघ्रगणनेत पंजांचे साचे घेतले आहेत त्यांना मातीचा हा खोडसाळपणा चांगला ठाऊक असेल; तिकडेही पुढे ती पद्धत मागे पडून कॅमेरा ट्रॅप आले.

८. पाच बोटे आणि टाच स्पष्ट दिसते आहे. मग तो अस्वलाचा ठसा कसा असेल?

काळ्या अस्वलाच्या मागच्या पावलालाही पाच बोटे आणि टाच असते, आणि ओल्या चिखलात नख्या न उमटता ते अगदी माणसासारखे दिसते. फरक अंगठ्याच्या जागेत आहे: माणसाचे सर्वांत मोठे बोट आतल्या बाजूला असते, तर अस्वलाचे बाहेरच्या बाजूला. शिवाय अस्वल चालताना मागचा पाय पुष्कळदा पुढच्या पायाच्या ठशावर किंचित मागे पडतो आणि दोन ठसे मिळून एक लांबलचक पाऊल तयार होते. अशा जोडठशात मध्यभागी एक अस्पष्ट आडवी कड राहते; तिच्यावरून बोट फिरवले की ती कळते.

केवळ ठशांपुरते हे नाही. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सांख्यिकीय अभ्यासात असे आढळले की अमेरिका आणि कॅनडामध्ये जिथे काळी अस्वले जास्त तिथे बिगफूट दिसल्याच्या नोंदीही जास्त, दर १,००० अस्वलांमागे सरासरी ४ टक्क्यांनी. आमच्या मते हा अभ्यास प्रत्येक शोधगटाने वाचायला हवा, आणि आम्ही तो बैठकीत वाचला आहे.

९. रात्रीच्या वनफेरीत काय करता? झाडावर काठी मारून हाक मारतात ते खरे का?

खरे आहे, पण तो वनफेरीचा सर्वांत लहान भाग आहे. मे ते ऑक्टोबर या काळात, बर्फ वितळून वनरस्ते उघडे असताना, आम्ही महिन्यातून एखादी रात्र बाहेर काढतो. दोन तुकड्या एखाद-दोन किलोमीटरच्या अंतरावर बसतात, लाल प्रकाशाच्या विजेऱ्या वापरतात आणि बहुतेक वेळ केवळ ऐकतात. बुद्धपौर्णिमेच्या रात्री ताडोबात मचाणावर बसलेल्या कोणालाही ही शांतता ओळखीची वाटेल. तिकडे पाणवठ्याकडे डोळे असतात, इथे उंच डग्लस फरच्या झाडांखाली काहीच दिसत नाही आणि सगळा भार कानांवर येतो.

काठीचा ठोका दिलाच तर पडलेल्या लाकडावर, दोनच, आणि मग किमान पंधरा मिनिटे शांतता. उभ्या झाडावर मारल्यास साल दुखावते. ध्वनिमुद्रित हाका मोठ्या कर्ण्यावरून वाजवणे आम्ही बंद केले आहे, कारण या जंगलांत १९९०पासून कायद्याने संरक्षित असलेले ठिपकेदार घुबड राहते आणि विणीच्या काळात असा गोंगाट त्याला त्रासदायक ठरू शकतो.

प्रत्येक तुकडीजवळ एक वही असते आणि तीत स्वतःचे आवाज लिहावे लागतात: ‘१०.४२, खोकला’, ‘११.०५, गाडीचे दार’. असे लिहिले नाही तर दुसऱ्या दिवशी मुद्रण ऐकताना आपलाच खोकला गूढ वाटू लागतो. सप्टेंबरात नर एल्क शिट्टीसारखे ओरडतात, बार्ड घुबडांची जोडी माकडांसारखा कलकलाट करते, कोल्हीण किंचाळते तेव्हा तर अंगावर काटा येतो. हे आवाज आम्ही नव्या माणसाला पहिल्या फेरीआधी ऐकवून ठेवतो.

१०. जंगलात धोका कितपत असतो? बरोबर काय आणावे?

थंडी आणि वाट चुकणे हे दोन खरे धोके आहेत. ऑगस्टमध्येही पहाटे हुडहुडी भरते, म्हणून लोकरीचे कपडे आणि पावसाळी अंगरखा आणावा. मोबाइलला तिथे बहुधा रेंज नसते. नकाशा उतरवून घ्यावा आणि परतण्याची वेळ घरी सांगून ठेवावी. अस्वलासाठी तिखटाचा फवारा जवळ असावा, मात्र तो विमानातून नेता येत नाही, त्यामुळे दुरून येणाऱ्यांनी इथेच विकत घ्यावा. खाण्याचे पदार्थ तंबूत ठेवू नयेत. उन्हाळ्यात वणव्याच्या भीतीने शेकोटीवर बंदी असते आणि ती आम्ही काटेकोरपणे पाळतो.

११. आई-बाबा भारतातून आले आहेत आणि मुलेही उत्सुक आहेत. त्यांना आणता येईल का?

बैठकीला सर्वांना आणावे. रात्रीच्या फेरीला १८ वर्षांखालील मुलांबरोबर पालक असणे आवश्यक आहे. ज्येष्ठांसाठी माउंट सेंट हेलेन्सच्या दक्षिण उतारावरील दिवसाची फेरी सोयीची आहे. तिकडे एप केव्ह नावाची लाव्हारसाने तयार झालेली लांब गुहा आहे; तिचे नाव बिगफूटवरून पडले असे अनेकजण समजतात, प्रत्यक्षात ते १९५०च्या दशकात तिची पाहणी करणाऱ्या स्थानिक तरुणांच्या मंडळावरून आले. कुत्र्यांना मात्र कुठल्याही फेरीत आणू नये.

१२. केस किंवा विष्ठा सापडली तर डीएनए तपासणी करून देता का?

गटाकडे प्रयोगशाळा नाही आणि तपासणी खर्चिक असते, म्हणून आधी जाणकार सभासद सूक्ष्मदर्शकाखाली केस पाहतात, आणि हरीण, एल्क, अस्वल यांपैकी काही असेल तर ते बहुतेक वेळा तिथेच कळते. केस हातमोजे घालून चिमट्याने उचलावा आणि कागदी पाकिटात ठेवावा. प्लास्टिकमध्ये ओल धरून तो खराब होतो. मूळ शाबूत असलेला केस अधिक उपयोगी पडतो.

आजवरचा अनुभव काय सांगतो तेही लक्षात ठेवावे. बिगफूटचा शोध घेणारे पीटर बर्न यांनी १९७६ मध्ये एफबीआयकडे तपासणीसाठी पाठवलेले केस हरणाच्या कुळातले निघाले. ऑक्सफर्डचे जनुकशास्त्रज्ञ ब्रायन साइक्स यांनी जगभरातून मागवलेल्या नमुन्यांपैकी ३० नमुन्यांचा डीएनए अनुक्रम २०१४ मध्ये प्रसिद्ध केला, आणि त्यांत अस्वल, घोडा, गाय, साळिंदर, माणूस असे ओळखीचेच प्राणी सापडले.

१३. १९६७ची ती प्रसिद्ध चित्रफीत खरी आहे का?

गटाचे यावर एकमत नाही. २० ऑक्टोबर १९६७ रोजी रॉजर पॅटरसन आणि बॉब गिमलिन यांनी ब्लफ क्रीकच्या वाळूत चालत जाणाऱ्या एका केसाळ आकृतीची ती चित्रफीत १६ मिलिमीटर फिल्मवर घेतली, लांबी मिनिटभराची. कॅमेरा सेकंदाला किती चौकटींवर लावला होता हे पॅटरसन यांना खात्रीने सांगता आले नाही, आणि चालण्याचा वेग माणसाचा वाटतो की वेगळा हे सारे त्यावरच अवलंबून आहे. पॅटरसन १९७२ मध्ये वारले. गिमलिन यांनी बनावाचा आरोप कधीच मान्य केला नाही, आणि आतमध्ये सोंग घेऊन आपणच होतो असे सांगणारा माणूसही पुढे आला. ती जागा झाडीत हरवली होती. स्वयंसेवकांनी चित्रफितीतली झाडे जमिनीवरच्या खोडांशी ताडून ती पुन्हा निश्चित केली. असे काम मला वादापेक्षा मोलाचे वाटते.

१४. बंदूक आणता येईल का? मृत प्राणी मिळाल्याशिवाय विज्ञान मान्य करणार नाही ना?

आमच्या फेरीत बंदूक चालत नाही. नमुना मिळवण्यासाठी मारावे असे मानणारे गट अमेरिकेत आहेत, आम्ही त्यांतले नाही. अंधारात दोन पायांवरची आकृती दिसली तर ती माणूस असण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. कायदाही पाहावा: आमच्या शेजारच्या स्कमेनिया काउंटीने १९६९ मध्ये सास्क्वाच मारण्याला १०,००० डॉलर दंड आणि पाच वर्षे कैद ठरवली, १९८४ मध्ये शिक्षा सौम्य करून संपूर्ण काउंटी त्याचे आश्रयस्थान म्हणून जाहीर केली. शिकारीच्या हंगामात आम्ही भडक नारिंगी जाकिटे घालतो आणि रात्रीच्या फेऱ्या थांबवतो.

१५. जागा खासगी असेल किंवा मूळनिवासींच्या राखीव क्षेत्रात असेल तर?

लाकूड कंपन्यांच्या आणि खासगी जमिनीवर मालकाच्या परवानगीविना जात नाही. माउंट अ‍ॅडम्सच्या पूर्वेला याकामा राष्ट्राचे राखीव क्षेत्र आहे. तिथे त्यांचे नियम पाळल्याखेरीज पाऊल टाकता येत नाही. त्या लोकांच्या परंपरेत या प्राण्याविषयी जे सांगितले जाते ते त्यांचे आहे, आणि त्यांनी स्वतःहून बोलावल्याशिवाय आम्ही ते टिपून घेत नाही.

१६. यति किंवा हिममानव आणि बिगफूट एकच का? भारतात राहून काही मदत करता येईल का?

परंपरा वेगळ्या आहेत. एप्रिल २०१९ मध्ये भारतीय सैन्याने नेपाळमधील मकालू शिखराच्या तळाजवळच्या बर्फातील ३२ गुणिले १५ इंचांच्या ठशांची छायाचित्रे प्रसिद्ध केली, तेव्हा मला दोन दिवसांत पुण्या-मुंबईहून ढीगभर निरोप आले. बर्फातला ठसा उन्हाने वितळून पसरतो आणि मोठा होतो, हे तिथे आधी तपासावे लागते. २०१७ मध्ये यतिचे म्हणून जपलेल्या नऊ नमुन्यांची जनुकीय तपासणी झाली. आठ अस्वलांचे आणि एक कुत्र्याचा निघाला. भारतातून मदत करायची असेल तर आमच्या ध्वनिमुद्रणांचे तास ऐकून वेळेनिशी टिपणे करणारे कान हवे आहेत; तुमचा दिवस तो आमची रात्र, त्यामुळे काम अखंड चालते.

१७. माझ्या नोंदीत काही चुकले असेल, किंवा कोणी मुद्दाम फसवले असेल तर?

ठसे बनावट निघाले की नोंदीवर लाल शाईने तसे लिहून ती वेगळ्या फाइलीत ठेवतो. फाडून टाकत नाही, कारण पुढच्या बनावटीची ओळख तीवरून पटते. फसवले गेलेल्या माणसाला दोष दिला जात नाही.

१८. मी पूर्वी नोंद दिली होती. आता मला वाटते ते अस्वलच होते. नोंद मागे घेता येते का?

नाव आणि संपर्क कधीही काढून टाकता येतो. मूळ मजकूर मात्र राहतो, आणि तुमचे नवे मत तारखेसह त्याखाली जोडले जाते. असे जोडलेले कागद आमच्या कपाटात बरेच आहेत. नव्या सभासदांना मुलाखत कशी घ्यावी हे शिकवताना (प्रश्न ६ पाहावा) आम्ही साक्षीदाराच्या परवानगीने तेच वाचायला देतो. पहिल्या पानावर ‘सात फूट उंच’ असते, दुसऱ्यावर ‘त्याच वळणावर, त्याच वेळी पुन्हा गेलो, तेव्हा मागच्या पायांवर उभे राहून फांदी ओढणारे अस्वल दिसले’ असे असते, आणि दोन्हींखाली सही एकाच हाताची असते.